माश्यांवर नुसता स्प्रे मारून काय होणार?

संपादक साहेब, नमस्कार,

माश्या वाढल्या की सगळे स्प्रे घेऊन धावतात, पण घरात उडणारी माशी ही शेवटची स्टेज आहे हो, खरी पैदास शेणात आणि ओल्या कचऱ्यात चालू असते. एक मादी आयुष्यात ५०० पर्यंत अंडी घालू शकते आणि गरम हवेत अंड्याची माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून शेण-कचरा आठवड्यातून दोनदा तरी उचललाच पाहिजे, नाहीतर बाकीचं सगळं फुकट.

औषधांना माश्या सरावतात, डीडीटीच्या बाबतीत तर १९४० च्या दशकातच हे दिसलं होतं. पण निसर्गात त्यांचे शत्रू आहेत ना! स्पॅलँजिया नावाची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशीच्या जातीतली कीड शेणात शिरून माशीचे कोष शोधते, त्यात अंडं घालते आणि तिची अळी आतली माशी खाऊन टाकते, माणसाला ती चावत नाही. शेणातले काही माइट, म्हणजे कोळ्याच्या जातीतले बारीक जीव, माशीची अंडी खातात. माश्यांना मारणारी बिव्हेरिया नावाची बुरशीसुद्धा आहे, तिला काही दिवस लागतात एवढंच.

स्पॅलँजिया ही कीड माशीपेक्षा सावकाश वाढते, त्यामुळे एकदा सोडून भागत नाही, सीझनभर परत परत सोडावी लागते. आणि गोठ्यात सरसकट स्प्रे मारला तर आधी हीच मरते, हे कृपया तुमच्या पेपरात ठळक छापा, गोठेवाल्यांना कोणी सांगतच नाही.

आपला एक वाचक