प्लगच्या खड्ड्यातलं ऑइल

प्रिय पक्या,

गाडीच्या स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय हे तुझं पत्र वाचलं आणि आधी हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण असाच कॉइल, म्हणजे प्लगवर बसून त्याला करंट देते ती, हातात धरून उभा होतो, खालून ऑइल टपकतंय आणि मनात एकच, की संपलं इंजिन. आणि तुझ्या मेकॅनिकने बघताक्षणी इंजिन खोलायचं काढलं म्हणतोस, थांब जरा लेका, एवढ्यात हो म्हणू नकोस.

पहिली गोष्ट बघ, ऑइल नक्की कुठे आहे. प्लग काढून हातात घे, पण त्याआधी खड्ड्यातलं ऑइल काढायचं, ते कसं ते खाली सांगतो. वरचा पांढरा पोर्सिलिनचा भाग आणि सहा कोनी नट ऑइलने माखलाय पण खालचं टोक, म्हणजे जिथे ठिणगी पडते ते, कोरडं आणि तपकिरी आहे, तर ऑइल वरून आलंय. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग नाहीतर प्लगच्या ट्यूबचे, म्हणजे त्या खड्ड्याच्या नळीचे, सील गेले, रबरच ते, गरम गार होऊन होऊन प्लास्टिकसारखं कडक होतं आणि मग धरत नाही. टोकच काळं ओलं असेल तर मात्र ऑइल आतून येतंय, पिस्टन रिंग किंवा वॉल्वचे सील, ते आपल्या अंगणातलं काम नाही. तुझी गाडी धूर मारत नाही म्हणतोस, फक्त मिसिंग करते, म्हणजे धक्के खात अडखळते, आणि बॉनेट उघडलं की जळक्या ऑइलचा वास, म्हणजे मला तरी वरचंच वाटतंय. मिसिंग का, तर ऑइलने कॉइलचं रबरी बूट, प्लगवर घट्ट बसतं ते टोपण, फुगतं, मऊ पडतं आणि करंट प्लगच्या टोकापर्यंत न जाता मधेच बाजूला उडी मारतो. आणि हो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नकोस, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, जाळतं आणि मग खरंच मोठा खर्च.

आता माझा गाढवपणा ऐक. मी घाईत खड्ड्यात ऑइल असतानाच प्लग फिरवला. सगळं ऑइल सरळ सिलिंडरमध्ये. नंतर गाडी चालू केली तर इतका पांढरा निळा धूर की शेजारचे बाहेर आले. तू आधी ऑइल काढ, सिरिंजला बारीक नळी लाव आणि ओढून घे, मग लांब स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून तळ पुसून काढ, फडकं मात्र नीट बांध, आत सुटलं तर अजून एक काम वाढेल. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं पाहिजे. कॉइल ओढताना आधी डावी उजवीकडे थोडी फिरव, सरळ ओढलीस तर बूट फाटतं. आणि बघून झालेला प्लग परत जागेवर लाव, कव्हर परत बसेपर्यंत जुने प्लग तिथेच राहू दे, भोकं उघडी ठेवू नकोस, धूळ, माती, एखादा वॉशर, काहीही आत जाऊ शकतं.

कव्हरचे बोल्ट सुटले तरी ते चिकटून बसतं. रबरी हातोडीने हळू टकटक कर. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, मला झाला होता, अॅल्युमिनियमला ओरखडा गेला की तिथूनच नवीन लीकेज, मग पॅकिंग कितीही चांगलं टाक. दोन्ही बाजू प्लास्टिकच्या पातळ पट्टीने खरवडून एकदम स्वच्छ आणि कोरड्या कर. ट्यूब सील कव्हरमध्ये दाबून बसवलेले असतात, जुने उचकटून काढायचे आणि नवीन त्याच मापाची पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून सरळ ठोकून बसवायचे, सीलचा ओठ जुन्याचा कुठल्या बाजूला होता ते काढायच्या आधी फोटो काढून ठेव. काही गाड्यांत मात्र सील वेगळे मिळतच नाहीत, कव्हरच बदलावं लागतं, तर सामान आणायच्या आधी हे विचारून घे. सिलिकॉनची पेस्ट सगळीकडे फासू नकोस, जिथे इंजिनचं टायमिंग कव्हर आणि सिलिंडर हेड जुळतात त्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका बास, बाकी पॅकिंग कोरडंच.

आणि बोल्ट! इथेच सगळे चुकतात. बऱ्याच गाड्यांत फक्त ८ ते १० न्यूटन मीटर लागतं, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर जेमतेम. मधून सुरू करून बाहेर जा, दोन तीन फेऱ्यांत. मी हत्तीच्या ताकदीने आवळले, एका बोल्टचे आटे गेले आणि पॅकिंग मधेच पिचकलं. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघ आणि एक टॉर्क पाना कुठून तरी मागून आण.

एवढं सगळं करून पण माझं तीन महिन्यांत परत ऑइल आलं, तेव्हा कळलं की पीसीव्ही वॉल्व, म्हणजे इंजिनच्या आतला दाब सोडणारा, चोक झालेला, क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटातला, दाब बाहेर जायला जागाच नव्हती मग तो सील ढकलून बाहेर निघायचा. हा वॉल्व साध्या प्रकारचा असेल तर काढून हलवून बघ, आत खुळखुळ आवाज यायला पाहिजे. नसेल येत तर नवीनच टाक, पॅकिंगच्याच दिवशी.

शेवटी प्लग आधी हाताने बसव, पाना नंतर. कॉइलच्या बूटात ऑइल शोषलं गेलं असेल तर धुवून उपयोग नाही, बूट नवीन टाक. मग दहा पंधरा मिनिटं आयडलवर ठेव आणि टॉर्च घेऊन कव्हरच्या कडेने फिर. दोन दिवसांनी एकदा एक कॉइल उचलून खड्डा परत बघ.

पहिल्या प्लगचा फोटो पाठव, टोकाचा जवळून. त्यावरून सांगतो पुढे.

तुझाच,
बंड्या