सुमे, आधी शिव्या घालून घे

इंदूर, रविवार

प्रिय सुमे,

तुझे दोन फोन आले, मी एकही परत केला नाही. शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येती बऱ्या, आईंचे गुडघे तेच ते.

पाळीच्या आधी माझं अंग कसं मोडून येतं, डोकं कसं ठणकतं, तुला काय सांगायचं? हॉस्टेलात तूच पाय चेपलेस. (गरम पाण्याची पिशवीही तूच फोडलीस, अजून भरून दिलेली नाहीस.) तर डॉक्टरीणबाईंनी मेफेनॅमिक अ‍ॅसिड दिलं. दुखायची वाट बघायची नाही, तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू करायचं, पाळीचे पहिले एक-दोन दिवस गेले की बंद. रिकाम्या पोटी मुळीच नाही. म्हणून सकाळच्या पोह्यांवर सेव जरा जास्तच पडते. अल्सर, किडनीचा त्रास नाही ना, खोदून विचारलं. पुरळ, ताप आला तर गोळी थांबवून लगेच यायचं. २०२३ साली औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फार्माकोपिया आयोगानेही तसा इशारा दिला होता. आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठी न बघता पाकीट पुढे सरकवतो!

शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं दुखणं आणणारं रसायन कमी करते म्हणे ती. त्याच्या संशोधनाला १९८२चं नोबेल मिळालं, तिघांना, तिघेही पुरुष. पोट कोणाचं दुखतं बघ.

दुखणं गेलं सुमे, खरंच. चिडचिड जागच्या जागी. बाईंनी आधीच सांगितलं होतं, ही गोळी अंगाची, मनाचं फार बिघडलं तर औषध वेगळं. दोन पाळ्या रोज वहीत लिही.

पण घरात ती माझ्या रागाचीच गोळी ठरली. आवाज चढला की हे विचारतात, "घेतलीस का?" मध्यंतरी धाकट्या भावजींनी मला न विचारता रामबागेतल्या घराचा सौदा ठरवला. त्या घरात माझ्या बांगड्या गेल्यात, तुला ठाऊक आहे. मी बोलले, तर आई म्हणाल्या, "तारीख जवळ आली वाटतं." सगळे हसले. गुड्डीसुद्धा!

वही काढून ह्यांच्यापुढे ठेवली. पाळी जाऊन आठवडाही झाला नव्हता. म्हणाले, "बरं, पण ओरडायचं कशाला?"

शनिवारी भावजी कागद घेऊन येतायत, सही माझीही लागते. आणि नेमका तो आठवडा तारखेच्या आधीचा! पुढे ढकला म्हणावं, तर त्यांचंच म्हणणं मी कबूल केल्यासारखं. बसले आणि तोंड उघडलं, तर पुन्हा तेच ऐकायचं. शीलाच्या लग्नात तू मांडववाल्याशी ज्या थंड आवाजात बोललीस ना, तो कुठून आणतेस?

तुझ्या बदलीचं काय? लेकाचा निकाल कळला, पेढे पाठव. फोन शनिवारच्या आत कर, दुपारी, आई झोपल्यावर.

तुझीच,
मंगी