केमोआधी ‘कावीळ ब’चा रिपोर्ट कोणी वाचतं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये आपण स्तनाच्या कर्करोगावर पुरवणी काढली. घरच्या घरी तपासणी कशी करावी, मॅमोग्राफी कधी करावी, गाठ लपवू नये, हे सगळं त्यात नीट आलं होतं. बऱ्या झालेल्या बायकांचे हसरे फोटोही होते. पण निदान झाल्यापासून केमोची पहिली बाटली लागेपर्यंत काय बघून घ्यायला हवं, याबद्दल एक ओळही नव्हती. आमच्या घरी जे बिनसलं ते नेमकं त्याच दिवसांत, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन आहे. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत, सातारा जिल्ह्यातच झाली. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या वहिनींना डाव्या बाजूला गाठ लागली. बायोप्सीत कॅन्सर निघाला. गाठ मोठी, म्हणून आधी केमो देऊन ती लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. हल्ली असं सर्रास करतात आणि त्यात गैर काही नाही. लाल औषधाचे डोस सुरू झाले. (ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना लाल औषध म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.) केस गेले, तोंड आलं, ते धरलेलंच होतं. गाठ हाताला लहान लागायला लागली तसे घरातले जरा सावरले. मग अन्नावरची वासना गेली, लघवी गडद झाली आणि एक दिवस सकाळीच दादाचा फोन आला, “अगं, हिचे डोळे पिवळे दिसतायत.”

घरात दोन तट पडले. एक म्हणे, कॅन्सर लिव्हरमध्ये गेला, आता कशाला तिचे हाल करायचे. दुसरा म्हणे, साधी कावीळ आहे, डोंगरात एका गावी नाकात झाडपाल्याचा रस घालतात, तिकडे नेऊन आणू. मी आधी फाईल मागितली. लॅबमध्ये जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ नव्हती. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी चाळिसाच्या आसपास असायला हवं, ते हजाराच्या वर. आणि फाईलच्या तळाशी, बायोप्सीच्याही आधीच्या कागदांत, व्हायरल मार्कर्सचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या तपासणीचा रिपोर्ट. एचआयव्ही निगेटिव्ह, एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) निगेटिव्ह, एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी, आपल्याकडे ‘कावीळ ब’ म्हणतात तो.

आता गंमत बघा. त्याच फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल स्टिकर होता. म्हणजे रिपोर्ट वाचला गेला होता! केमोचा पोर्ट (औषध शिरेत सोडायला कातडीखाली ठेवतात ती डबी) बसवायच्या दिवशी वहिनींचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी लावला होता, सिस्टर दोन-दोन हातमोजे घालून येत होत्या. कर्मचाऱ्यांनी स्वतःला जपलं ते बरोबरच. रुग्णाची सुई चुकून स्वतःला टोचल्यानंतरच्या रात्री कशा जातात ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. पण जिच्या रक्तात तो विषाणू आहे, तिच्या लिव्हरचं केमोत काय होईल, हा प्रश्न तो कागद बघून त्या दवाखान्यात कोणाला पडला नाही. आपल्याकडे ही तपासणी ऑपरेशन थिएटरसाठी होते, रुग्णासाठी नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

केमोत होतं काय ते थोडक्यात सांगते. हा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरला की त्याचं बीज पेशीच्या केंद्रकात राहून जातं. पुष्कळांना वर्षानुवर्षं काहीही त्रास होत नाही, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. केमो ती शक्ती खाली आणते. शिवाय उलटी होऊ नये म्हणून डोसाबरोबर डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडने हा विषाणू आणखी फोफावतो. तो वाढत असताना रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे प्रतिकारशक्ती परत वर आली की ती विषाणूने भरलेल्या लिव्हरच्या पेशींवरच तुटून पडते आणि मग डोळे पिवळे होतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००३ साली एक छोटी पाहणी प्रसिद्ध केली होती. हा विषाणू अंगात असलेल्या आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या बायकांपैकी ४१ टक्के जणींत तो असा उसळला होता. त्यांतल्या बहुतेकींची केमो लांबली किंवा अर्ध्यावर सोडावी लागली. लिव्हर निकामी होऊन काही रुग्ण दगावतातही. वहिनी वाचल्या, पण लिव्हर ताळ्यावर येईपर्यंत कित्येक आठवडे केमो बंद राहिली. कॅन्सरवर औषध चालू असायला हवं तेव्हाच ते थांबलं.

कोणी उगाच घाबरू नये म्हणून एक सांगते. हा विषाणू लिव्हरचा कॅन्सर करू शकतो, स्तनाचा करतो असं सिद्ध झालेलं नाही. तो स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात आडवा येतो.

आणि हे टाळता येतं, म्हणून तर राग येतो. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोविर, रोज एक गोळी. ती केमोच्या आधी किंवा निदान पहिल्या डोसाबरोबर सुरू करायची आणि केमो संपल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, निदान सहा महिने ते वर्षभर, चालू ठेवायची. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्को’ या संस्थेने २०२० मध्ये सांगितलं की केमो किंवा तशी औषधं घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या तीन तपासण्या करा: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस. (पहिली विषाणूचा अंश शोधते, बाकीच्या दोन त्याच्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं.) मात्र रिपोर्टची वाट बघत उपचार अडवून ठेवू नका, असंही त्यात आहे. यातली अँटी-एचबीसी महत्त्वाची. विषाणू येऊन दबून गेलाय आणि एचबीएसएजी निगेटिव्ह येतंय, अशी माणसं तिच्यात सापडतात. त्यांना स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या केमोत धोका कमी असतो, पण लक्ष ठेवावं लागतं. एचबीएसएजीचं कार्ड पंधरा-वीस मिनिटांत निकाल देतं. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या रजिस्टरात त्याचा रकाना ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ नावाने असायचा, इतकी ही जुनी तपासणी आहे.

आपल्यात असं कोण असणार, असं दादाही म्हणाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता, म्हणजे शंभरात दोघांना. त्याच वर्षी देशात स्तनाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार. साधं त्रैराशिक मांडलं तर वर्षाला साडेतीन-चार हजार बायका वहिनींच्या जागी येतात. हिशेब ढोबळ आहे, पण त्याच्या निम्म्या धरल्या तरी थोड्या नाहीत. बाळाला जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहापैकी नऊ वेळा विषाणू कायमचा राहतो. मोठेपणी झाली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत. म्हणजे पन्नाशीच्या बाईने तो जन्मापासून बाळगलेला असू शकतो. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस प्रायोगिक तत्त्वावर २००२ च्या सुमारास आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. आज ज्या वयाच्या बायकांना हा कॅन्सर होतोय, त्यांच्या बाळपणी ती लस नव्हतीच. लस घेतलेल्या मुली त्या वयाच्या होईपर्यंत प्रत्येक केमो वॉर्डाला हा विषाणू गृहीत धरावा लागेल.

एचआयव्हीचंही थोडं असंच आहे. आफ्रिकेतल्या अभ्यासांत एचआयव्ही असलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण इतर रुग्णांपेक्षा जास्त दगावल्याचं दिसलं आहे. पण एचआयव्हीची गोळी चालू आहे की नाही, हे निदान विचारलं तरी जातं. कावीळ बचं तेवढंही होत नाही. त्यात टेनोफोविर दोन्हींत वापरतात, म्हणून गोळीचं नाव वाचलं की लोकांना एचआयव्हीचाच संशय येतो. गावातल्या मेडिकलवाल्याने दादाला चिठ्ठीवरून वर-खाली बघितलं, तेव्हापासून दादा गोळ्या कराडहून आणतो. घरातही एका जावेने वहिनींचं ताट-वाटी वेगळी काढली होती. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला आणि एकमेकांचं ब्लेड वापरल्याने जातो. ताटातून जात नाही. हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून, जरा मोठ्याने सांगितलं.

डॉक्टरांनीही गोळी कधी थांबवायची ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. ‘केमो संपली’ म्हटलं की आपली माणसं सगळ्या पुड्या एकदम बंद करतात. ही गोळी मधेच सोडली तर विषाणू पुन्हा उसळतो, तोही घरी, जिथे रक्त कोणी तपासत नसतं.

पैशांची अडचण असेल तर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे. त्याच्या केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. कॅन्सरच्या रुग्णाला तिकडे पाठवायला एक चिठ्ठी पुरते, पण आम्हाला ती कोणी दिली नाही. कारण केमो देणारा विभाग एकीकडे आणि हिपॅटायटिसचा कार्यक्रम दुसरीकडे. वहिनींचं औषध आम्ही कितीतरी दिवस विकत घेत होतो.

वहिनींचं ऑपरेशन झालं आहे, गोळी चालू आहे आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवलं आहे. नाव येऊ नये एवढीच त्यांची अट. पुढच्या ऑक्टोबरच्या पुरवणीत एका फोटोची जागा कमी करून जिल्ह्यावार हिपॅटायटिस उपचार केंद्रांचे पत्ते आणि ओपीडीचे वार छापावेत, ही विनंती. सातारा आणि सांगलीचे हवे असतील तर मी गोळा करून पाठवते.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कराड
(नाव-पत्ता संपादकांकडे)