आमचं रॉकेट आणि तुमच्यासाठी दोन कामं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा तुम्ही "या वयात फटाके कसले उडवताय दोघं" म्हणालात, मागून आई "डोळे सांभाळा गं" असं ओरडली आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवावं. दादा म्हणाला लिहू नकोस, उगाच काळजी करत बसतील. पण मला माहितीये ना, तुम्ही काळजी करता ती नीट कळलेलं नसतं म्हणून, एकदा कळलं की तुम्ही चुका काढायला लागता, आणि मला तेच हवंय.

तर पहिली गोष्ट, हा फटाका नाही, मॉडेल रॉकेट आहे, छंद म्हणून घरी जोडून मैदानात उडवायचं छोटं रॉकेट. अंग पुठ्ठ्याच्या नळीचं, पंख बाल्साच्या हलक्या लाकडाचे, नाक प्लॅस्टिकचं, आणि अंगाला धातू नाहीच, म्हणजे चुकून कुठे आपटलंच तर ते मोडेल, समोरच्याला फोडणार नाही. दारू आपण भरायची नसते. इंजिन तयार मिळतं, कागदाची जाड नळी, १८ मिलिमीटर रुंद आणि ७० लांब, खाली मातीचं भोक असलेलं तोंड, एकदा वापरलं की टाकून द्यायचं. बाबा, हे सगळं मुळात निघालंच तुमच्यासारख्या काळजीवाल्या माणसांमुळे. अमेरिकेत ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक बुटांचा दुकानदार होता, त्याला शोभेच्या दारूचा नाद, आणि त्याचा भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानंवाला. दोघांनी मिळून १९५४ मध्ये पहिलं असं रॉकेट केलं. पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक हा पहिला उपग्रह वर गेला आणि पोरं लोखंडी पाइपात वाट्टेल ते ठासून घरीच रॉकेटं करायला लागली, बरीच जण भाजली, बोटं गेली. तेव्हा जी. हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेटवाल्या इंजिनिअरने या भावांचं रॉकेट उचलून धरलं आणि कडक नियम करून हा छंद मार्गाला लावला. दोन भावंडं होती बघा तिथेही. दादाला हे सांगितल्यापासून तो स्वतःला ऑर्व्हिल समजतो.

आता सकाळचं. उजाडायच्या आधीच निघालो कारण ऊन चढलं की वारा सुटतो, आणि वारा जोरात असेल तर उडवायचंच नाही, ताशी ३२ किलोमीटरच्या वर तर नियमातच बसत नाही. मैदान मोकळं, मालकाला विचारून घेतलेलं, गवतावर दव होतं ते एक बरंच, तरी दादाने स्टँडभोवतीचं वाळकं गवत हाताने उपटून काढलं. आई तू विश्वास ठेवणार नाहीस, पण तुझा हा मुलगा, ज्याने आयुष्यात कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो तिथे गुडघ्यावर बसून गवत उपटत होता. नंतर तर बाबा बाहेर जाताना कुलूप ओढून ओढून बघतात ना, तसंच तो प्रत्येक वायर ओढून बघत होता. मी काही बोलले नाही, फोटो मात्र काढलाय.

डोळ्यांचं सांगते आई. रॉकेट एका बारीक सळईवर उभं असतं, साधारण ९० सेंटिमीटरची सळई, सुरुवातीला ते सरळ जावं म्हणून. पंख काम करतात ते वेग आल्यावरच, तोवर सळई धरून ठेवते. या सळईच्या टोकाला टोपण घालून ठेवायचं आणि उडवायच्या वेळीच काढायचं, म्हणजे वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात जायला नको. तुझी भीती त्यांना आधीच सुचली होती बघ.

आणि काडी लावून पळायचं वगैरे काही नाही. इंजिनात एक बारीक तार जाते, तिला बॅटरीची वायर लावायची, आपण निदान ५ मीटर लांब उभं राहायचं आणि बटण दाबायचं. बटणाच्या डबीला किल्ली असते, किल्ली नाही तर करंट नाही. जो वायर लावायला जातो त्याच्याच खिशात किल्ली. यावरून आमचं एकदा वाजलंच. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, नुसती शांतता, दादा लगेच निघाला बघायला, मी म्हटलं थांब, किल्ली काढली आणि पूर्ण एक मिनिट मोजलं, नियमच आहे तो. तो मिनिटभर चडफडत होता, एवढ्यात चार रॉकेटं उडवली असती म्हणाला. जाऊन बघितलं तर दोन चिमटे एकमेकांना टेकलेले, करंट तारेपर्यंत पोचतच नव्हता. वेगळे करून लावले, आणि गेलं की हो!

सुरुवात लहान इंजिनाने केली, दादाचा आग्रह डायरेक्ट मोठ्याचा होता पण मी ऐकलं नाही. इंजिनावर अक्षर असतं, ए, बी, सी, आणि प्रत्येक अक्षराला एकूण जोराची मर्यादा दुप्पट होते, ए ला अडीच न्यूटन-सेकंद, बी ला पाच, सी ला दहा. पहिल्यांदा ए लावायचं आणि वारा त्याला कुठे नेतो ते बघायचं, मग पुढचं ठरवायचं. आवाज कसा म्हणाल तर भुर्रर्र नाही, एकदम 'फुश्श्' होतं आणि आपण मान वर करेपर्यंत ते वर असतं, मला वाटलं होतं हळूहळू उचलेल टीव्हीत दाखवतात तसं, पण छे, डोळ्याला पकडताच येत नाही. आणि एक गंमत, वारा असला की ते वाऱ्याबरोबर जात नाही, उलट जिकडून वारा येतो तिकडेच तोंड वळवतं, कारण मागच्या पंखांना वारा ढकलतो. खाली येताना मात्र पॅराशूट वाऱ्याबरोबर.

बाबा, तुम्ही विचारलेलं "परत येतं कसं", त्याचं उत्तर मला सगळ्यात आवडलंय. आमच्या मोठ्या इंजिनावर सी६-५ लिहिलेलं असतं. सी म्हणजे एकूण जोर, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा धक्का, आणि ५ हे सेकंद. काय होतं, दारू जळते ती जेमतेम दोन सेकंद, तेवढ्यात जो वेग मिळाला त्याच्यावरच रॉकेट पुढे वर जात राहतं, आणि इंजिनाच्या आत एक मंद जळणारा थर असतो तो नुसता धूर काढत जळत बसतो, काही ढकलत वगैरे नाही. पाच सेकंदांनी तो संपला की शेवटची चिमूटभर दारू पेटते, ती खाली नाही तर वरच्या बाजूला, आतल्या आत, आणि नाक बाहेर ढकलून पॅराशूट काढते. म्हणजे घड्याळ नाही, सेन्सर नाही, सर्किट नाही, नुसता दारूचा एक थर किती जाड ठेवलाय त्याच्यावर सगळा हिशोब. हा आकडा चुकीचा निवडला तर वाट लागते. लवकर उघडलं तर रॉकेट अजून जोरात असतं, पॅराशूट फाटतं, उशिरा उघडलं तर तोवर ते नाक खाली करून सुसाट येत असतं. आणि पॅराशूट जळू नये म्हणून मध्ये न पेटणाऱ्या कागदाचे बोळे भरायचे, ते दादा इतक्या प्रेमाने भरत होता की काय सांगू.

उडवायच्या आधी एक दोरीची टेस्ट पण असते. इंजिन, पॅराशूट सगळं भरून रॉकेट जिथे तोलात राहतं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं, नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, उलटसुलट व्हायला लागलं तर नाकात वजन वाढवायचं. वजनाचा मध्य पुढे पाहिजे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे, एवढंच तत्त्व. दादा हे करत असताना मी दहा पावलं लांब होते, काळजी नसावी.

उंचीची भानगड वेगळीच, आणि बाबा इथेच तुमची गरज आहे. रॉकेटपासून १०० मीटर मोजून मी उभी राहिले, हातात कोनमापक, त्याला दोरा आणि दोऱ्याला नट बांधलेला. अगदी वरच्या टोकाला असताना कोन बघायचा, त्याचा टॅन काढायचा, गुणिले १००. ए ला ३८ अंश आला म्हणजे ७८ मीटर, सी ला ६२ अंश, म्हणजे १८८. पण एकाच माणसाने बघितलं आणि रॉकेट वाऱ्याकडे तिरकं गेलं तर आकडा चुकतो. वाऱ्याच्या रेषेला काटकोनात उभं राहिलं की चूक कमी होते, पण खरं तर दोन बाजूंना दोन माणसं हवीत. दादा बटणावर, मी कोनावर, दुसरा कोनवाला नाही. हे काम खुर्चीत बसून होतं, गुडघ्याला अजिबात त्रास नाही, आणि टॅन तुम्ही अजून तोंडपाठ सांगता हे मी दादाला पैजेवर सांगितलंय.

सी वालं मात्र लांब गेलं. एवढ्या उंचीवरून पॅराशूट उघडलं की पाऊण मिनिट तरी तरंगत राहतं, आणि तेवढ्यात वारा मंद असला तरी शंभर-दीडशे मीटर सहज ओढून नेतो. आम्ही दोघं, चाळिशी ओलांडलेली माणसं, मान वर करून पळतोय, दादा ओरडतोय "माझं माझं" जसं काही मी चोरून नेणार होते. मिळालं, एक पंख निखळला होता, तो लाकडाच्या ग्लूने त्याच संध्याकाळी बसला. विजेच्या तारेवर किंवा उंच झाडावर अडकलं तर सोडून द्यायचं, काढायला जायचं नाही, हा पण नियम आहे, आणि आई मी तुझ्या वतीने दादाकडून तसं वदवून घेतलंय.

आता तुझं काम आई. पॅराशूट प्लॅस्टिकचं आहे, दोऱ्या चिकटपट्टीने लावलेल्या, त्या सुटतात. तुझ्या मशीनवर पातळ नायलॉनचं एक शिवशील का, आठ कोनी, साधारण ३० सेंटिमीटरचं, आणि बरोबर मधोमध एक छोटं गोल भोक, म्हणजे हवा निसटते, डुलत नाही आणि इतकं लांब भटकत पण नाही. भोकाच्या कडेला बारीक टीप घाल, पण जाड नको, नाहीतर घडी होऊन नळीत बसणार नाही. कापड मी आणून ठेवलंय.

कधी येताय ते कळवा. बाबा, लांबचा चष्मा आणा, जवळचा नको. आणि हे पत्र आलंय ते दादाला सांगू नका, त्याला वाटतंय आमंत्रण तोच देणार आहे.

तुमची
धाकटी