बाबांच्या रक्ताबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांचं हिमोग्लोबिन ८ आलं हे कळल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. "वय झालं, थकवा यायचाच," म्हणालात फोनवर. बाबा, नुसत्या वयाने रक्त एवढं उतरत नाही. ते कुठेतरी जात असेल.

लावणीत तुमच्या पायांना खाज सुटते, तुम्ही चिखल्या समजून तेल-हळद लावता. चिखल्या असतीलही. पण अंकुशकृमी नावाचा जंत शिरतो तेव्हाही अशीच खाज येते. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी ओल्या मातीत पडतात, आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशाशी, गिळली गेली की आतड्यात. तिथे चिकटून रक्त पीत राहते. पोट दुखेलच असं नाही, म्हणून संशयही येत नाही. आपल्या घरी संडास आहे, पण वरच्या कुणग्याच्या बांधाला लोक अजून परसाकडेला जातात, आणि तिथलं पाणी आपल्याच शेतात उतरतं.

आई, तू म्हणशील जंत पोरांना होतात, तेही गोड खाल्लं की. आमच्यापासून तू गूळ लपवायचीस, वावडिंग पाजायचीस. गुळाने जंत होत नाहीत गं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे १५० कोटी माणसांना मातीतून होणारे जंत आहेत. आपल्याकडे २०१५ पासून जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात, ते चांगलंच आहे. पण सत्तरीतही चिखलात उभा राहणारा शेतकरी त्यात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा बाबा, डॉक्टरांना आपणहून सांगा की मी अनवाणी शेती करतो. शौचाची तपासणी करायला सांगा. लाजू नका. नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका, आतून गळती चालू असेल तर त्या किती पुरणार? आणि जंत नाही निघाले तरी तिथेच थांबायचं नाही, रक्त कशाने उतरलं ते शोधायचंच.

आई, परड्यातली भाजी तूच काढतेस, तीही अनवाणी. बाबांसोबत तूही तपासून घे. शनिवारी सकाळी मी पोचते, सोमवारी दवाखान्यात तिघं मिळून जाऊ.

तुमची लेक