लांबवलेला ‘अपोकॅलिप्स नाऊ’

महोदय,
फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या व्हिएतनाम युद्धावरील ‘अपोकॅलिप्स नाऊ’ला (१९७९) २००१ च्या ‘रिडक्स’ आवृत्तीत ४९ मिनिटे जोडली गेली. त्यात गुप्त मोहिमेवर बोटीने नदीतून निघालेला अमेरिकी कॅप्टन विलार्ड, सर्फिंगवेडा लष्करी अधिकारी किलगोर याचा सर्फबोर्ड पळवतो आणि बोटीवर हशा पिकतो. मूळचा अबोल, आतून पोखरलेला विलार्ड असा खोडकर झालेला मला खटकतो. नदीप्रवासाचा ताणही सैल पडतो. याच आवृत्तीत जोडलेला फ्रेंच मळ्यावरच्या जेवणाचा प्रसंग मात्र हवाच होता! व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या लढाईत (१९५४) फ्रान्सचा पराभव झाल्यानंतरही जमीन न सोडणारे फ्रेंच कुटुंब विलार्डला सुनावते, आम्ही आमचे राखण्यासाठी लढतो, तुम्ही अमेरिकन मात्र कशासाठीच नाही! या बोलण्यामुळे युद्धामागची वसाहतवादाची मुळे उघडी पडतात. २०१९ च्या ‘फायनल कट’ या आवृत्तीमध्येही कपोलांनी हा मळा राखला, हे योग्यच. चित्रपट दाखवणाऱ्यांनी आवृत्ती कोणती, हे आधी ठळकपणे सांगावे.

– एक चित्रपटप्रेमी, पुणे