मूळ गाव विचारलं तर

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाई नक्की कोण गं, आफ्रिकन की स्पॅनिश?" मी घाईत "होंडुरासच्या" म्हणून मोकळी झाले. बाईंना ते उत्तर मुळीच पटलं नसतं. त्या गारिफुना समाजाच्या. कॉलेजात इतिहास शिकवतेस, तर आता सवडीने वाच.

कॅरिबियनमधलं सेंट व्हिन्सेंट बेट हे ह्यांचं मूळ गाव. ते त्याला युरुमेन म्हणतात. १६३५ च्या सुमारास आफ्रिकन गुलाम घेऊन निघालेली जहाजं तिथे फुटली आणि माणसं पोहून किनाऱ्याला लागली, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांतून पळालेलेही येऊन मिळाले. बेटावरच्या कॅरिब आणि आरावाक लोकांनी त्यांना घरात घेतलं, सोयरिकी झाल्या आणि बोली बेटाचीच राहिली. "आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो," हे बाई ओळख झाली की लगेच सांगतात. नाव नंतर.

मग इंग्रज आले. १७६३ च्या पॅरिसच्या तहात बेट त्यांना मिळालं, पण उसाला लायक जमीन ह्या लोकांकडे. तेव्हा साहेबांनी 'काळे कॅरिब' आणि 'पिवळे कॅरिब' अशी वाटणी केली. काळे काही इथले मूळचे नव्हेत, मग त्यांचा जमिनीवर हक्क कसला, असा तो हिशेब. साहेब स्वतः मूळचे कुठले, हा प्रश्न अर्थातच निघाला नाही! पहिलं युद्ध १७७३ च्या तहाने थांबलं. १७९५ मध्ये पुन्हा पेटलं, ह्या खेपेला फ्रेंचांच्या मदतीने. गारिफुनांचा सरदार जोसेफ शातोये, त्यांच्या तोंडी सातुये, १४ मार्च १७९५ ला मारला गेला. आज सेंट व्हिन्सेंटमध्ये त्या दिवशी सुट्टी असते.

तो पडल्यावरही लोक वर्षभर लढले. इंग्रजांनी घरं, होड्या, उभी पिकं जाळली, तेव्हा उपासमारीने शरण आले. जवळजवळ पाच हजार बायकापोरं-पुरुष बालिसो नावाच्या टीचभर बेटावर नेऊन टाकले. तिथे ना नदी, ना ओढा. साथ पसरली आणि काही महिन्यांत निम्मी माणसं गेली. त्यातही जे उजळ दिसले त्यांना निवडून परत पाठवलं. म्हणजे वाटणी तिथेही सुटली नाही. उरलेल्या दोनेक हजारांना मार्च १७९७ मध्ये जहाजांत भरलं आणि १२ एप्रिलला होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवलं. तिथून ते मुख्य भूमीवर त्रुहियोला गेले, मग किनाऱ्याकिनाऱ्याने बेलिझ, ग्वाटेमालाचं लिव्हिंग्स्टन, निकाराग्वा. बेलिझमध्ये १९ नोव्हेंबरला सुट्टी असते. १८३२ साली त्या दिवशी होड्या दांग्रिगाला लागल्या, त्याची आठवण. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे पुरुष व्यापारी जहाजांवर कामाला लागले, ते न्यूयॉर्क बंदरात उतरले आणि हळूहळू आमच्या ब्रॉन्क्समध्ये वस्ती झाली.

आता स्वयंपाकघरात चल. आपण उपासाला साबुदाणा खातो ना, तो ज्या कंदाचा, त्याचीच कडू जात ह्यांचं मुख्य अन्न. कडू कंदात विष असतं. म्हणून तो सोलून, बारीक खडे ठोकलेल्या लाकडी फळीवर किसायचा. तो कीस विणलेल्या लांबलचक नळीत भरायचा, तिचं नाव रुगुमा. नळी आढ्याला टांगून खाली वजन लावलं की ती ताणून आवळते आणि विषारी पाणी निथळतं. उरलेला चोथा वाळवून चाळायचा आणि लोखंडी तव्यावर पसरून भाजायचा. ती एरेबा, पातळ आणि कडक. महिनोन्‌महिने टिकते. बाईंचा भाचा त्रुहियोहून येताना बॅग भरून आणतो. हे काम कधीच एकटीचं नसतं, किसताना बायका गाणी म्हणतात. इथे मिक्सर आहे, पण गाणाऱ्या बाया डबल ड्यूटीवर. हुडुत मात्र त्या घरी करतात: उकडलेली केळी लाकडी उखळात कुटायची आणि नारळाच्या दुधातल्या माशाच्या कालवणाबरोबर खायची. रविवारी दुपारी आमच्या छतावर जो धप्‌धप् आवाज येतो तो हाच. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती, मी नाही केली. मला वाटी येते!

गेल्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ गेला. नऊ रात्री प्रार्थना, आणि शेवटच्या रात्री चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बेलुरिया. मी पांढरा ड्रेस घालून, गंभीर चेहऱ्याने गेले. तिथे जेवणाच्या पंगती, गप्पा, पत्ते आणि पुंता. पुंता म्हणजे कंबर आणि पाय हलवायचे, खांदे जवळजवळ स्थिर. दोन ढोल असतात. सेगुंदा एकच ठेका धरून बसतो आणि प्रिमेरा नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजतो. कातड्यावर तार ताणलेली असते, त्यामुळे थाप पडली की मागे झणझण उरते. सत्तरीच्या बाई भावासाठी नाचल्या, घामाघूम झाल्या, मग खुर्चीत बसून हमसून रडल्या. कुणी "सावरा" वगैरे म्हणालं नाही. एकीने पाणी आणून दिलं, एवढंच.

ह्याहून मोठा विधी दुगू. पूर्वज नाराज आहेत असं बुयेईने, म्हणजे त्यांच्या भगताने, सांगितलं की सगळं कुळ गावी जमतं. लोक वर्षानुवर्षं पैसे साठवतात, इथून विमानाने जातात. काहीजण आधी होड्यांतून समुद्रात जाऊन मासळी घेऊन येतात, पूर्वजांसाठी ताटं वाढतात, ढोल वाजतात आणि माणसांच्या अंगात येतं, अगदी आपल्याकडे येतं तसं. रविवारी ह्याच बाई चर्चमध्ये मासला, म्हणजे प्रार्थनेला, पहिल्या रांगेत असतात. पाद्रीबुवांना चालतं का, विचारलं तर हसल्या.

२००१ मध्ये युनेस्कोने त्यांची भाषा, नृत्य आणि संगीत मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवलं. छान झालं, पण जमिनीचं काय? होंडुरासचा तो किनारा आता हॉटेलवाल्यांना हवा आहे. त्रिउन्फो दे ला क्रूस गावाचा खटला अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयात गेला, तेव्हा सरकारतर्फेही तोच जुना सूर लागला, हे काही मूळचे इथले लोक नव्हेत. न्यायालयाने २०१५ मध्ये गावाच्या बाजूने निकाल दिला. जुलै २०२० मध्ये पोलिसांचे कपडे घातलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्याच गावातून चार गारिफुना तरुणांना उचलून नेलं. त्यांतला एक गावाच्या पंचायतीचा अध्यक्ष होता. ते परत आलेले नाहीत. हे सांगताना बाईंचा आवाज चढत नाही, पण उखळातला घाव जोरात बसतो.

नातू त्यांच्याशी इंग्रजीत बोलतो, त्या गारिफुनात उत्तर देतात. त्याला कळतं सगळं, बोलायला लाजतो. ढोल मात्र झकास वाजवतो.

तू डिसेंबरात येते म्हणालीस, तर नाताळच्या आसपासचंच तिकीट बघ. वानारागुआ नावाचा नाच बघायला मिळेल: जाळीवर रंगवलेले गोऱ्या साहेबाचे मुखवटे, मिशांसकट, आणि गुडघ्यांना बांधलेले शिंपले. साहेबाची नक्कल करत नाचतात. गरम कपडे आण, आणि बाईंसाठी पाव किलो साबुदाणा. हा त्याच कंदाचा म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

तुझी,
मेधा